पनीर वितळत का नाही?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मोहोळला आमच्या घरी आईची पंच्याहत्तरी साजरी झाली. चाळीसेक पाहुणे येणार होते. पुरणपोळी, कटाची आमटी, भात हे ठरलेलेच होते. पण न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या भाचीने जाहीर केले, की सगळे जमेपर्यंत गप्पा मारता मारता तोंडात टाकायला काहीतरी हवे आणि ते ती करणार आहे. तिकडे कोणाकडेही जेवायला गेले की हमखास पुढे येणारा एक पदार्थ तिने निवडला होता : भाजलेली ब्री.

ब्री हे फ्रान्समधले एक मऊ चीज आहे. पॅरिसच्या पूर्वेकडच्या ब्री नावाच्या मुलखावरून त्याला हे नाव पडले. दिसायला जाड भाकरीसारखी चकती, बाहेरून पांढरी मखमली साल आणि आत लोण्यासारखा मऊ गर. त्यातल्या ‘ब्री द मो’ या अस्सल प्रकाराची चकती ३६-३७ सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच-तीन किलो वजनाची असते. दुकानात मिळतात त्या चकत्या बऱ्याच लहान. ही चकती मैद्याच्या पापुद्र्याच्या पोळीत गुंडाळतात, वर गोड-आंबट मुरंबा आणि अक्रोड घालतात आणि भट्टीत भाजतात. मग सुरी घातली की आतले चीज ओघळू लागते. ते कुरकुरीत बिस्किटावर घेऊन खायचे.

ब्री पुण्यामुंबईच्या मोठ्या दुकानांत आता मिळते. ती आणण्याची जबाबदारी माझ्यावर होती, आणि मी ती पुण्यात फ्रिजमध्येच विसरले. मोहोळला पोहोचल्यावर हे लक्षात आले. तेव्हा बदली साहित्याचा शोध सुरू झाला, आणि त्यातून जे निघाले ते वर्गात करून पाहण्याजोगे आहे म्हणून हा लेख.

बहुतेक गोष्टींना बदली सहज सापडली. एखाद्या जिन्नसाऐवजी दुसरा घ्यायचा तर पहिला त्या पदार्थात नेमके कोणते काम करतो, एवढेच पाहावे लागते. अक्रोडाचे काम दाताखाली येणे आणि थोडा तेलकट खमंगपणा देणे. ते शेंगदाणा करतो, आणि सोलापूरची शेंगाचटणी तर त्याहून जास्त करते. मुरंब्याचे काम चीजचा जडपणा कापणे. त्यासाठी डाळिंबाचा रस आटवून घेतला आणि गोडीला काकवी. डाळिंब आणि ऊस या दोन्ही गोष्टींना आमच्या जिल्ह्यात तोटा नाही.

बिस्किटाच्या जागी कडक भाकरी आली. ज्वारीची अगदी पातळ भाकरी भाजून तिच्यातले पाणी जवळजवळ पूर्ण घालवले, की ती पापडासारखी मोडते आणि बरेच दिवस टिकते. या बाबतीत मोहोळकरांना थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. रब्बी ज्वारीचे ‘मालदांडी ३५-१’ हे प्रसिद्ध वाण १९३०च्या दशकात मोहोळ येथेच, स्थानिक मालदांडीतून निवड करून तयार झाले, आणि आजही शेतकरी ते पेरतात. भाचीने मग उत्साहाने ज्वारीच्याच पिठाची पारी करून तिच्यात सगळे गुंडाळायचा प्रयत्न केला. तो अर्थातच फसला. मैद्यात पाणी घालून मळले की ग्लुटेन नावाचे ताणले जाणारे जाळे तयार होते. ज्वारीत ते नाही. भाकरी थापताना पीठ एकत्र राहते ते आधणाच्या पाण्याने फुगलेल्या पिठूळ पदार्थामुळे, पण ते वळवून मुडपता येत नाही. तेव्हा गुंडाळायला मैदा आणि सोबत खायला ज्वारी, अशी वाटणी झाली.

राहिले चीज. घरात म्हशीच्या दुधाचे ताजे पनीर होते. पांढरे, मऊ, दुधाचेच. भाचीला वाटले हे चालेल. खरे सांगायचे तर मलाही वाटले. आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून पनीरची एक जाड चकती मैद्याच्या पोळीत गुंडाळली आणि ओळखीच्या बेकरीत नेली. आमच्या लहानपणी दिवाळीला नानकटाईचे डबे असेच बेकरीत भाजायला जायचे. पाऊण तासाने पोळी छान तांबूस झाली. घरी आणून सुरी घातली. आत पनीर जसेच्या तसे उभे होते. ओघळणे सोडाच, ते आधीपेक्षा घट्ट आणि चिवट झाले होते आणि त्याच्या खाली पाणी सुटून पोळीचा तळ ओला झाला होता.

शेजारचा नववीतला मुलगा हा सगळा प्रकार पाहत होता. “आत्या, हे वितळलं का नाही?” त्याने विचारले. माझे संशोधन कलिलांवर, म्हणजे दुधासारख्याच मिश्रणांवर चालते. मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “चीजमध्ये मेद जास्त असतो, पनीरमध्ये कमी. मेद वितळतो म्हणून चीज वितळते.”

“पण हे तर म्हशीच्या दुधाचं हाय की. साय बी काढली नव्हती.”

मी चीजच्या तुकड्यांचे वेष्टन काढून वाचले. मग मोबाईलवर भारतीय अन्नमानके पाहिली. त्यांनुसार पनीरमधले पाणी वगळता उरलेल्या भागात निदान ५० टक्के मेद असावा लागतो, आणि दुकानात मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये निदान ४० टक्के. म्हणजे माझे उत्तर सपशेल चुकले होते. लोण्यासारखा दुधातला मेद ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळतो हे खरे. तो पनीरमध्येही वितळलेलाच असतो. पण तो ज्या जाळ्यात अडकलेला आहे ते जाळे सैल झाल्याखेरीज पदार्थ ओघळत नाही. प्रश्न मेदाचा नव्हता, जाळ्याचा होता. आणि जाळे प्रथिनांचे असते.

गाईच्या दुधात सुमारे सव्वातीन टक्के प्रथिने असतात. त्यांतली ८० टक्के केसीन या गटातली, उरलेली निवळीतली, म्हणजे दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरते त्यात राहणारी. या दोन गटांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

केसीनचे रेणू दुधात सुटे फिरत नाहीत. हजारो रेणू एकत्र येऊन त्यांचे गोळे बनतात. एका गोळ्याचा व्यास सरासरी दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरवर सहा-सात हजार गोळे ओळीने मावतील एवढा. प्रकाश या गोळ्यांवरून आणि मेदाच्या थेंबांवरून विखुरतो म्हणून दूध पांढरे दिसते. गोळ्याच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि विटांच्या भिंतीत चुना-वाळूचे जे काम ते काम हे कण करतात. गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला ‘कॅपा केसीन’ नावाच्या प्रकाराची टोके केसांसारखी पाण्यात पसरलेली असतात. ती ऋणभारित असतात. त्यामुळे दोन गोळे जवळ आले तरी चिकटत नाहीत, आणि दूध दूध राहते.

आता हे गोळे एकत्र आणायचे, म्हणजे दूध घट्ट करायचे, तर दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. आपण दोन्हींना ‘दूध फाटणे’ किंवा ‘साकळणे’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच गडबड होते.

पहिला मार्ग रेनेटचा. रेनेट हे वासराच्या चौथ्या जठरातून मिळणारे विकर. हल्ली ते बहुधा सूक्ष्मजीवांपासून मिळवतात. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या अशा विकराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये मान्यता दिली. रेनेट न्हाव्यासारखे काम करते. कॅपा केसीनचा केस एका ठरावीक जागी कापते, बस्स. केस गेले की गोळे एकमेकांना चिकटू लागतात आणि दुधातले कॅल्शियम त्यांना सांधते. गोळ्यांच्या आतले बांधकाम मात्र जवळपास तसेच राहते.

दुसरा मार्ग आम्लाचा. लिंबू पिळले किंवा विरजणातल्या जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल बनवले, की दुधाचा सामू (आपण पीएच म्हणतो तो) ६.६-६.७ वरून खाली येतो. केसांवरचा ऋणभार नाहीसा होतो, म्हणून गोळे चिकटतात. त्याच वेळी आम्लात कॅल्शियम फॉस्फेट विरघळते आणि बरेचसे निवळीबरोबर निघून जाते. साध्या तापमानाला केसीन सुमारे ४.६ सामूला पूर्ण साकळते. दूध कडक तापवले असेल तर त्याहून कमी आम्लात भागते. पनीरला सुमारे ५.३ पुरतो.

या ‘कडक तापवले असेल तर’ मध्येच सगळी मेख आहे.

अंडे उकडले की घट्ट का होते, हे आपण वर्गात सांगतो. अंड्यातल्या प्रथिनाचे रेणू लोकरीच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. उष्णतेने गुंड्या उलगडतात, धागे एकमेकांत अडकतात, आणि मग काही केल्या सुटत नाहीत. केसीन मुळात असे घट्ट गुंडाळलेले नसते. त्याला उलगडायचे काही नाही, त्यामुळे ते अंड्यासारखे ‘शिजत’ नाही. दूध उकळून आटवले तरी पातळच राहते ते यामुळे. पण निवळीतली प्रथिने पक्की गुंडाळलेली असतात. सुमारे ७० अंशांच्या वर ती उलगडतात आणि गंधकाच्या बंधांनी जवळच्या केसीनच्या गोळ्यांना, विशेषतः त्या केसांना, जाऊन चिकटतात.

म्हणजे पनीर करताना आपण आधी दूध उकळतो तेव्हाच केसीनवर शिजलेल्या प्रथिनाचे अस्तर चढते. मग आम्ल घातले की हे सगळे एकत्र साकळते. पनीरच्या जाळ्यात उकडलेल्या अंड्याचा थोडा गुण उतरलेला असतो असे म्हटले तर आमच्या घरच्या शाकाहारी मंडळींनी रागावू नये. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते खरे आहे. असे जाळे तापवले की सैल होण्याऐवजी आणखी आकसते आणि पाणी बाहेर टाकते. आमच्या पोळीचा तळ त्यानेच ओला झाला होता. याच कारणाने पनीर तळता येते, रश्श्यात उकळता येते, तरी त्याचा तुकडा तुकडाच राहतो. ज्याला आम्ही त्या संध्याकाळी दोष मानला तोच एरवी त्याचा गुण.

याचे आणखी टोकाचे उदाहरण म्हणजे खरवस. चिकाच्या दुधात रोगप्रतिकारक प्रथिने फार मोठ्या प्रमाणात असतात आणि तीही निवळीच्या गटातली. त्यामुळे खरवसाला ना रेनेट लागते ना लिंबू. नुसते वाफवले की दूध अंड्यासारखे घट्ट होते. भाचीच्या यादीत बदली म्हणून खरवसाचेही नाव होते. आईने तिला हसून सांगितले, की जे वाफेवर घट्ट झाले ते भट्टीत पातळ कसे होईल? माझ्या सगळ्या विवेचनापेक्षा हे थोडक्यात होते. चक्का घेऊन पाहा म्हणणारेही निघाले. चक्का थंड असताना पसरतो, पण तोही तापवलेल्या दुधाच्या आम्लाने बनलेल्या दह्याचा. भट्टीत तो फुटून रवाळ होतो.

मला यातून एक विचार सुचला, तो अनुमान म्हणूनच घ्यावा. आपल्याकडे दूध घरात आले की पहिल्यांदा चुलीवर चढते. सोलापूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो. फ्रिज नव्हते तेव्हा न उकळलेले दूध दुपारपर्यंतही टिकले नसते. उकळणे हे शहाणपणच होते. पण उकळलेल्या दुधावर रेनेट नीट चालत नाही. केसांवर चढलेल्या अस्तरामुळे दही लुसलुशीत आणि कमजोर लागते. म्हणजे दूध उकळण्याची सवय पडली तिथेच वितळणाऱ्या चीजची वाट बंद झाली, आणि तूप, खवा, चक्का, पनीर यांची उघडली. फ्रान्सच्या थंड, ओलसर तळघरांत दूध न उकळता ठेवण्याची मुभा होती.

आता ब्रीकडे वळू. ब्रीचे दूध उकळलेले नसते. त्याला जिवाणूंचे विरजण आणि रेनेट दोन्ही लावतात. साच्यात घालून पाणी निथळू देतात, मीठ लावतात, आणि पेनिसिलियम कॅमेंबर्टी नावाच्या पांढऱ्या बुरशीची पेरणी करतात. (पेनिसिलीन देणाऱ्या बुरशीची ही भाऊबंद, पण ही पेनिसिलीन बनवत नाही.) मग चकत्या काही आठवडे थंड, दमट खोलीत पिकत ठेवतात. गंमत अशी, की ताजी ब्री मुळीच मऊ नसते. ती आंबट आणि खडूसारखी भुसभुशीत असते. बुरशी आधी पृष्ठभागावरचे लॅक्टिक आम्ल खाते, मग प्रथिने तोडून अमोनिया सोडते. त्यामुळे सालीजवळचा सामू वाढत वाढत ७ च्या पुढे जातो. अशा सामूला कॅल्शियम फॉस्फेट विरघळलेले राहत नाही, सालीत त्याचे स्फटिक जमतात. आत राहिलेले कॅल्शियम मग हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकते. भिंतीतला चुना असा एकीकडे निघून जाऊ लागला आणि दुसरीकडे आम्लही कमी झाले, की केसीनचे जाळे सैल पडते, पाणी धरू लागते, आणि गर मऊ होतो. म्हणून ब्री नेहमी बाहेरून आत पिकते. कच्ची ब्री कापली तर मधोमध खडूसारखी पांढरी पट्टी दिसते. साल मात्र बुरशीच्या तंतूंनी विणलेली असल्यामुळे भट्टीतही वितळत नाही. ती वाटीचे काम करते. भाजलेल्या ब्रीची सगळी मजा या वाटीत आणि तिच्यातल्या ओघळणाऱ्या गरात आहे.

मी विसरलेली ब्री पुण्याला परतल्यावर उघडली तेव्हा नाकात अमोनिया शिरला. ओला केलेला तांबडा लिटमस कागद सालीवर टेकवला, तो निळसर झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत दुधाचा पदार्थ असा अल्कधर्मी निघालेला मी तरी कधी पाहिला नव्हता. सामू असा वाढला की लिस्टेरिया या रोगजंतूलाही तिथे वाढायला वाव मिळतो, म्हणून गर्भवती स्त्रियांनी असे मऊ चीज न तापवता खाऊ नये असे डॉक्टर सांगतात.

या बुरशीबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कारखानदारांनी शंभरेक वर्षांपूर्वी पांढरीशुभ्र, भराभर वाढणारी अशी एकच वाण पसंत केली आणि तिचीच शाखेवरून शाखा लावत नेली. आता तिची बीजाणू धरण्याची ताकदच खालावली आहे, असा इशारा फ्रान्सच्या सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दिला.

तर मूळ प्रश्नाकडे. आमच्याकडे बुरशी नव्हती आणि काही आठवडे तर नव्हतेच. हाताशी एक रात्र होती. पण केसीनच्या जाळ्यातून कॅल्शियम काढायचे हे काम एकदा कळल्यावर त्याला दुसरा कामकरी शोधता येतो. तो म्हणजे सोडियम सायट्रेट. सायट्रेट आयन कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतो आणि त्याच्या जागी केसीनला सोडियम मिळतो. सोडियम एकच बंध करू शकतो, त्यामुळे तो दोन रेणूंना सांधू शकत नाही. जाळे सुटते, मोकळे झालेले केसीन मेदाच्या थेंबांभोवती बसते, आणि तूप वेगळे न सुटता गुळगुळीत लगदा होतो. स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ मध्ये हीच युक्ती वापरून जगातले पहिले प्रक्रिया केलेले चीज बनवले. १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टने अशा चीजचे पेटंट घेतले. आज दुकानात मिळणाऱ्या चौकोनी तुकड्यांच्या वेष्टनावर ‘इमल्सिफायर’ म्हणून जे छापलेले असते ते याच घराण्यातले क्षार.

सोडियम सायट्रेट घरात नसते, पण ते बनवणारी दोन्ही द्रव्ये किराणा दुकानात मिळतात : सायट्रिक आम्ल, ज्याला दुकानदार लिंबूसत्त्व म्हणतो, आणि खाण्याचा सोडा. किती घ्यायचे हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना काढता येईल. सायट्रिक आम्लाला तीन हायड्रोजन सोडता येतात, म्हणून एका रेणूला सोड्याचे तीन रेणू लागतात. स्फटिकजल धरून सायट्रिक आम्लाचा रेणुभार २१०, सोड्याचा ८४, तिप्पट २५२. म्हणजे ५ ग्रॅमला ६ ग्रॅम सोडा. हे त्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर केले, मी फक्त तपासले.

मग पिशवीतले साय न काढलेले दूध दोन लिटर आणले. पिशवीतले दूध डेअरीत पाश्चरीकरण केलेले असते. ७२ अंशांना १५ सेकंद एवढ्या तापवण्याने निवळीतली प्रथिने फारशी उलगडत नाहीत. गवळ्याचे कच्चे दूध मात्र यासाठी घेऊ नये. दूध न उकळता फक्त ४५ ते ५० अंशांपर्यंत, म्हणजे बोट जेमतेम बुडवून धरता येईल इतके, कोमट केले. त्यात चमचा चमचा व्हिनेगर घालत हलवत राहिलो. निवळी स्वच्छ दिसू लागल्यावर गोळा कापडात घेऊन घट्ट पिळला आणि तोलला. आधीच इथे फरक दिसला : गोळा पनीरसारखा रवाळ नव्हता, रबरासारखा ताणला जात होता. २५० ग्रॅम गोळ्याला ५ ग्रॅम लिंबूसत्त्व आणि ६ ग्रॅम सोडा असे प्रमाण धरले. दोन्ही तीन चमचे पाण्यात मिसळल्यावर फसफसून वर येते. तो कार्बन डायॉक्साइड. फसफस पूर्ण थांबल्यावर ते द्रावण, गोळा, ५० ग्रॅम लोणी, थोडे मीठ आणि थोडे दूध मिक्सरमधून काढले, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडे ठेवून दहा मिनिटे ढवळले. आधी दह्यासारखे दिसणारे मिश्रण बघता बघता एकजीव, चकचकीत झाले आणि चमच्यावरून तारेसारखे ओघळू लागले. तेल लावलेल्या वाटीत ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सोडा प्रमाणापेक्षा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, हे पहिल्या खेपेला आम्ही अनुभवाने शिकलो.

दुसऱ्या दिवशी तीच बेकरी, तीच मैद्याची पोळी. वरून डाळिंबाचा आटवलेला रस, काकवी आणि शेंगाचटणी. सुरी घातली आणि या वेळी आतला ऐवज ओघळला. कडक भाकरीचे तुकडे त्यात बुडवून चाळीस माणसांनी ते दहा मिनिटांत संपवले. ब्रीला बुरशीमुळे अळंबीसारखा जो वास असतो तो अर्थातच यात नव्हता. भाची म्हणाली, ही ब्री नव्हे. बरोबर होते तिचे. ओघळण्याचे काम आम्ही साधले होते, पिकण्याचे नाही.

वर्गात इतके सगळे करायला वेळ नसेल, तर एक छोटा प्रयोग करावा. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे दूध दोन पेल्यांत घ्या. एका पेल्यातल्या १०० मिलिलिटर दुधात ५ ग्रॅमच्या आसपास सोडियम सायट्रेट, किंवा वरच्या रीतीने फसफस थांबलेले तेवढे द्रावण घाला आणि ढवळा. दुसऱ्या पेल्यात तेवढेच साधे पाणी घाला. पेल्यांमागे छापील कागद धरा. सायट्रेटच्या पेल्यातले दूध पांढरेपणा सोडून हिरवट, पारभासक होते. दूध नासले नाही, गाळ बसला नाही, तरी पांढरा रंग गेला. कॅल्शियम निघून गेल्यामुळे केसीनचे गोळेच मोडले, प्रकाश विखुरायला उरले नाहीत. दुधाचा पांढरेपणा ही रचनेची करामत आहे, रंगाची नव्हे, हे मुलांना एका नजरेत कळते.

चीजची तुलना करायची तर पनीर, चीजचा चौकोनी तुकडा आणि मोझरेला यांच्या सारख्या आकाराच्या पातळ चकत्या कापून स्टीलच्या ताटात ठेवाव्यात, ताट उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवावे आणि दहा मिनिटांनी प्रत्येकीचा व्यास पट्टीने मोजावा. आधी कोणती किती पसरेल याचा अंदाज मुलांकडून लिहून घ्यावा. मोझरेला पसरेल आणि उचलली तर तिचे धागे निघतील. तिच्यात कॅल्शियम काही गेलेले आणि काही राहिलेले असते.

मोहोळहून निघायच्या दिवशी सकाळी तो नववीतला मुलगा एक झाकलेली वाटी घेऊन आला. उरलेल्या उकळलेल्या दुधाच्या पनीरला त्याने घरी तेच सायट्रेटचे द्रावण घालून, मिक्सरमधून काढून, पातेल्यावर ढवळून पाहिले होते. वाटीतला पदार्थ मऊ झाला होता, पण गुळगुळीत नव्हता; जिभेला बारीक रवा लागत होता. “कॅल्शियम तर काढलं,” तो म्हणाला, “मग हा रवा कशाचा?” मी काही सांगायच्या आत तोच म्हणाला, “उकळलेल्या दुधाचं हाय म्हणून, हो ना?”